‘होऊन जाईल’ या उत्तराची भीती

गेल्या काही वर्षांत सॉफ्टवेअर क्षेत्रात नव्याने टीम लीड किंवा स्क्रम मास्टर (म्हणजे स्क्रम या कार्यपद्धतीने टीमचे काम चालावे हे पाहणारी व्यक्ती) झालेली बरीच माणसे माझ्याकडे समुपदेशनासाठी येऊ लागली आहेत, आणि त्यांची तक्रार थोड्याफार फरकाने सारखीच असते: स्प्रिंट प्लॅनिंगची, म्हणजे पुढच्या टप्प्यातले काम ठरवण्याची, बैठक मी घेतो, पण तिथे कोणी तोंड उघडत नाही. मी जे मांडतो त्याला सगळे माना डोलावतात. दोन आठवडे सरले की निम्मे काम तसेच उरलेले असते, आणि मग वाटते की माणसे सांभाळणे हे आपले कामच नव्हे. बैठक घेण्याची भीती घालवण्यासाठी काही उपाय सांगा, असा बहुतेकांचा आग्रह असतो. अशाच एका गृहस्थांचा अनुभव त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे मांडत आहे.

हे गृहस्थ छत्तीस वर्षांचे होते. हिंजवडीतल्या एका कंपनीत अकरा वर्षे प्रोग्रामिंग केल्यानंतर आठ महिन्यांपूर्वी त्यांच्याकडे पाच डेव्हलपर आणि दोन टेस्टर अशा सात जणांच्या टीमचे स्क्रम मास्टरपद आले होते. स्क्रमच्या पद्धतीत काम ठरावीक छोट्या टप्प्यांत केले जाते; त्यांचा टप्पा, म्हणजे स्प्रिंट, दोन आठवड्यांचा होता, आणि दर एका आड एका सोमवारी सकाळी दहा वाजता पुढच्या दोन आठवड्यांत काय करायचे हे ठरवणारी बैठक असे. त्याच्या आदल्या रविवारी दुपारपासून त्यांच्या पोटात ढवळू लागे, संध्याकाळी मुलीचा अभ्यास घेताना चिडचिड होई, आणि रात्री एक-दीडपर्यंत ते लॅपटॉपवर जिरा, म्हणजे टीमच्या कामांची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर, उघडून बसत. फॅमिली डॉक्टरांनी आवश्यक त्या तपासण्या करून पोटाचा आजार नसल्याचे सांगितल्यावरच ते माझ्याकडे आले होते. भेटीसाठी त्यांनी मागितलेली वेळ सोमवारी सकाळी दहाची होती, याचा अर्थ माझ्या उशिरा ध्यानात आला.

पहिल्या दोन भेटींत मी नेहमीच्या वाटेने गेले: श्वसनाचा सराव, झोपेच्या वेळा, मनात येणाऱ्या विचारांची नोंद. थोडा उतार पडला, पण पुढच्या रविवारी पोट पुन्हा ढवळलेच. तिसऱ्या भेटीत मी त्यांना सांगितले की तुमची बैठक मला इथेच घेऊन दाखवा. माझ्या खोलीतल्या दोन रिकाम्या खुर्च्या, टीपॉय आणि मी, एवढीच त्यांची टीम. ते वही उघडून वाचू लागले: ही स्टोरी, पाच पॉइंट, अमुक करेल, ही स्टोरी, तीन पॉइंट, तमुक करेल. स्टोरी म्हणजे एक काम, आणि पॉइंट म्हणजे ते काम किती मोठे याचा अंदाज. प्रत्येक कामापुढे आकडाही होता आणि माणूसही. चार-पाच कामे झाली की ते मान वर करून विचारत, “ठीक आहे ना सगळ्यांना?” आणि मी श्वास घेऊन उत्तर देण्याच्या आत पुढच्या ओळीवर गेलेले असत. मी घड्याळाकडे पाहत होते. प्रश्न आणि पुढची ओळ यांच्यात दोन सेकंदही जात नव्हते.

हे आकडे कोणी काढले, असे विचारल्यावर ते म्हणाले, “मीच. रविवारी रात्री. बैठकीत सगळे गप्प बसले तर काय करायचं, म्हणून आधीच तयार ठेवतो.” रविवारचे जागरण कशासाठी होते, हे येथे उलगडले. शांततेची भीती वाटते म्हणून ते उत्तरे घरूनच घेऊन जात. उत्तरे तयार असल्यामुळे टीमला बोलायला जागाच उरत नसे. आणि टीम बोलत नाही म्हणून पुढच्या वेळी तयारी आणखी पक्की करावी असे त्यांना वाटे. आम्ही समुपदेशक अशा वागण्याला सुरक्षेसाठी लागलेली सवय म्हणतो. लिफ्टची भीती असलेला माणूस दहा मजले चढून जातो तेव्हा भीती टळते, पण लिफ्ट पडत नाही हे त्याला कधीच कळत नाही; तसेच काहीसे हे होते.

टीमकडून त्यांना हमखास मिळणारे उत्तर होते “होऊन जाईल”. हे दोन शब्द मी आयटीतल्या माणसांच्या तोंडून इतक्यांदा ऐकले आहेत की त्यांच्यावर स्वतंत्र लिहिता येईल. मराठीत ‘मी करतो’ म्हटले की करणारा दिसतो; ‘होऊन जाईल’ या बोलण्यात करणारा कोणीच नसतो, काम जणू आपले आपणच होणार असते. मान राखायचा आहे, विरोध करायचा नाही आणि स्वतःला बांधूनही घ्यायचे नाही, अशा वेळी माणूस हे उत्तर देतो. या गृहस्थांना मात्र तो होकार वाटे, आणि काम उरले की आपल्याला फसवल्यासारखे वाटे.

त्यांना सर्वांत जास्त काय लागते, याचा शोध घेता घेता बोलणे त्यांच्या वडिलांकडे वळले. वडील निवृत्त तलाठी, शब्दाचे पक्के. एकदा शब्द दिला की तो पाळायचा, ही घरची शिकवण. स्प्रिंटच्या सुरुवातीला ठरलेले काम म्हणजे वरिष्ठांना दिलेला शब्द, अशी त्यांची धारणा होती, आणि म्हणून दर दोन आठवड्यांनी ते स्वतःच्या नजरेत खोटे ठरत होते. मी व्यवस्थापनाची जाणकार नाही. पण अशी माणसे वारंवार येऊ लागल्यावर केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी लिहिलेली स्क्रम गाइड, म्हणजे या पद्धतीची मूळ मार्गदर्शिका, मी वाचून काढली होती. २०१० मध्ये ती प्रथम प्रसिद्ध झाली, आणि २०११ च्या सुधारित आवृत्तीत एक लक्षणीय बदल झाला: टीम ठरवलेले सगळे काम पूर्ण करण्याचे वचन देते ही भाषा काढून टाकून, टीम आपला अंदाज मांडते, असे म्हटले गेले. हे ऐकल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे आमच्या गावाकडच्या आणेवारीसारखं.”

दृष्टान्त त्यांचाच आहे, आणि मला तो फार आवडला. पिकाची पैसेवारी, जिला जुनी माणसे अजून आणेवारीच म्हणतात, एकदाच ठरत नाही. आधी उभ्या पिकाकडे पाहून नजरअंदाज पैसेवारी काढतात, मग सुधारित, आणि पीक हाती आल्यावर अंतिम. पावसाने दगा दिला म्हणून अंतिम आकडा खाली आला, तर नजरअंदाज लिहिणाऱ्या तलाठ्याला कोणी खोटारडा म्हणत नाही. वडिलांनी आयुष्यभर असे अंदाज लिहिले होते, आणि मुलगा तशाच अंदाजाला शब्द समजून रात्री जागत होता.

तरीही अंदाज म्हणून काहीही लिहावे असे नाही. चौथ्या भेटीत मी त्यांना टीमकडे दोन आठवड्यांत खरोखर किती वेळ असतो ते कागदावर मांडायला सांगितले. आतापर्यंत ते सात माणसे, दहा दिवस, आठ तास असा हिशेब करून ५६० तास धरत. आम्ही एकेक वजावट करत गेलो. प्लॅनिंग, रिव्ह्यू (झालेले काम दाखवणे) आणि रेट्रोस्पेक्टिव्ह (काम कसे झाले याचा टीमने घेतलेला आढावा) मिळून एक दिवस जातो, म्हणजे नऊ दिवस उरले आणि सात जणांचे ६३ दिवस झाले. एका डेव्हलपरची चार दिवसांची रजा मंजूर होती; उरले ५९. चालू प्रणालीच्या तक्रारी सोडवण्यात एकाचा निम्मा वेळ जातो, उरले साडेचोपन्न. रोजची पंधरा मिनिटांची बैठक, एकमेकांचा कोड तपासणे, ईमेल, चहा हे सारे वगळून दिवसाचे सहा तास धरले, तर होतात ३२७. त्यांनी त्या आकड्याभोवती पेनाने दोनदा गोल काढला. मागच्या तीन स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेले पॉइंट होते २४, २१ आणि २७, म्हणजे सरासरी २४. आणि ते दर वेळी ३८ घेत होते.

एवढा साधा हिशेब अकरा वर्षे संगणकात घालवलेल्या माणसाच्या लक्षात कसा आला नाही, असे वाचकाला वाटेल. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये नियोजनातल्या या भ्रमाचे वर्णन केले होते: स्वतःच्या कामाचा अंदाज करताना माणूस सगळे सुरळीत होईल असे चित्र डोळ्यांपुढे आणतो आणि मागच्या वेळी काय झाले होते ते बाजूला ठेवतो. पुढे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी सुमारे ३४ दिवसांत होईल असे सांगितले, आणि प्रत्यक्षात त्यांना ५५ हून अधिक दिवस लागले. म्हणजे हा दोष एकट्या या गृहस्थांचा नव्हता. त्यांच्या बाबतीत फरक इतकाच होता की सात जणांचा भ्रम ते एकटेच, रात्री एक वाजता, वहीत लिहीत होते.

पुढच्या बैठकीसाठी आम्ही चारच गोष्टी ठरवल्या. रविवारी जिरा उघडायचा नाही. कामे नीट समजून घेण्यासाठी आदल्या आठवड्यात बुधवारी टीमबरोबरच एक तास बसायचे. बैठकीच्या आरंभी प्रॉडक्ट ओनरने, म्हणजे कोणते काम आधी हवे हे ठरवणाऱ्या व्यक्तीने, या स्प्रिंटमधून ग्राहकाला काय मिळणार ते एका वाक्यात सांगायचे, आणि ते वाक्य फळ्यावर राहू द्यायचे. हा स्प्रिंट कशासाठी हा प्रश्न २०२० च्या स्क्रम गाइडमध्ये प्लॅनिंगचा पहिला विषय म्हणून आला आहे, त्यात काय आणि कसे हे प्रश्न नंतर येतात. चौथी गोष्ट त्यांना सर्वांत जड गेली: आकडे त्यांनी सांगायचे नाहीत. १, २, ३, ५, ८, १३ असे आकडे लिहिलेले पत्ते प्रत्येकाला द्यायचे आणि सगळ्यांनी एकदम उलटायचे, ही प्लॅनिंग पोकरची रीत जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये मांडली. ही रीत त्यांना माहीत होती, पण ती पोरखेळ वाटे. आपल्याकडे वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाने आठ म्हटल्यावर नव्या मुलीने पाच म्हणणे किती अवघड असते, हे ज्याने एकत्र कुटुंबात लग्नाची बोलणी पाहिली आहेत त्याला सांगावे लागू नये. पत्ते पालथे असेपर्यंत कोण मोठे हे कोणालाच दिसत नाही.

शांततेचा सराव आम्ही वेगळा केला. प्रश्न विचारायचा, समोरची पाण्याची बाटली उचलायची, टोपण उघडायचे, दोन घोट घ्यायचे, टोपण लावायचे, आणि मगच बोलायचे. माझ्या खोलीत पहिल्यांदा त्यांना हे जमले नाही, टोपण उघडतानाच ते “तर मग पुढची...” असे म्हणून गेले आणि आम्ही दोघेही हसलो.

त्या सोमवारची हकिगत त्यांनी गुरुवारी सांगितली. पैसे भरण्याच्या पडद्यात बदल करण्याची एक स्टोरी होती, जिला रविवारच्या वहीत त्यांनी नक्कीच तीन पॉइंट दिले असते. पत्ते उलटले, सर्वांत अनुभवी डेव्हलपरचा ३, आणि दीड वर्षापूर्वी नोकरीला लागलेल्या टेस्टर मुलीचा १३. कोणीतरी फिसकन हसले. मुलगी लगेच म्हणाली, “नाही सर, माझंच चुकलं असेल, होऊन जाईल.” एरवी येथे तीन लिहून ते पुढे गेले असते. त्यांनी बाटली उचलली. टोपण लावून झाल्यावर तिला विचारले, “तुम्ही तेरा म्हणालात तेव्हा तुमच्या डोळ्यांपुढे काय होतं?” मग ती बोलू लागली. बँकेच्या बाजूची चाचणीची प्रणाली आठवड्यात फक्त गुरुवारी उपलब्ध असते. डेव्हलपरने बुधवारी रात्री काम दिले तर तिला तपासायला एकच दिवस मिळतो, आणि एक चूक निघाली की थेट पुढचा गुरुवार. मागच्या चारपैकी तीन स्प्रिंटमध्ये उरलेले काम नेमके याच कारणाने उरले होते. तीन म्हणणारा डेव्हलपर म्हणाला, “हे आधी का नाही सांगितलंस?” तिने उत्तर दिले नाही. या गृहस्थांनी मात्र मला सांगितले, “मॅडम, तिला विचारलंच कोणी नव्हतं. मी तर नाहीच.”

ती स्टोरी त्यांनी दोन भागांत तोडली, पहिला भाग पहिल्या मंगळवारपर्यंत द्यायचा असे ठरले, आणि टीमने एकूण २५ पॉइंट घेतले. त्यांतले २२ झाले. बैठक मात्र लांबली. एका महिन्याच्या स्प्रिंटला जास्तीत जास्त आठ तास असा दंडक आहे, म्हणजे दोन आठवड्यांना सुमारे चार, आणि यांची साडेचार तास चालली. शेवटच्या तासात निम्मी टीम मोबाइलमध्ये होती. बुधवारची बैठक नियमित होऊ लागल्यावर दोन-तीन स्प्रिंटनंतर हा वेळ अडीच तासांवर आला.

एक अडचण माझ्या खोलीत सुटण्यासारखी नव्हती. त्यांचे मॅनेजर प्लॅनिंगला येऊन बसत, कामे परस्पर वाटून देत आणि आकडा कमी दिसला की भुवया उंचावत. अशा वेळी चिंता हा माणसाचा दोष नसतो. ज्या जागी तो उभा आहे ती जागाच अवघड असते, आणि श्वसनाच्या सरावाने ती बदलत नाही. मॅनेजरशी बोलावे लागणार होते. काय बोलायचे याची आम्ही दोन भेटींत तालीम केली. पहिल्या तालमीत ते माफी मागत सुरुवात करत. ती वाक्ये आम्ही खोडली. शेवटी उरला तो एक कागद: वजावटींची उतरंड, ३२७ चा आकडा आणि मागच्या तीन स्प्रिंटचे पूर्ण झालेले पॉइंट.

मॅनेजर अजूनही बैठकीला येतात, पण शेवटच्या अर्ध्या तासात. रविवारी पोट अजूनही एखाद्या वेळी ढवळते. मागच्या महिन्यात मॅनेजरनी सगळ्यांसमोर विचारले की पॉइंट अडतीसवरून पंचवीसवर का आले, तेव्हा या गृहस्थांनी बाटलीकडे हात नेला, पण त्यांच्या आधी ती टेस्टर मुलगी बोलली, “सर, गुरुवारचा हिशेब दाखवू का?”