आरोग्य पत्रकारितेत यायचंय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. करते आहे. आरोग्य पत्रकार व्हायचंय. कोणता कोर्स करू? (विद्यार्थिनी, नांदेड)

आरोग्य पत्रकारितेची वेगळी पदवी शोधण्यात वर्ष घालवू नका. पत्रकारितेसाठी पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट आहे, अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचा मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रम आहे. विज्ञानाची पदवी तुमच्या कामी येईलच. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, हे तुम्हाला कुणी समजवायला नको. (बातम्या तपासणाऱ्या डेस्कवरून ही चूक अजूनही सुटते.) मात्र जिल्हा आवृत्तीत नुसतं आरोग्याचं बीट, म्हणजे वार्ताहराला नेमून दिलेला विषय, क्वचितच मिळतं; सोबत शिक्षण नाहीतर महापालिका गळ्यात पडते.

आधी यंत्रणा समजून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रं (पीएचसी) आणि उपकेंद्रं जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे, म्हणजे डीएचओंकडे. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, म्हणजे सीएसकडे. सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय डीनकडे, आणि त्यांचं खातंच निराळं : वैद्यकीय शिक्षण. पीएचसीत साप चावल्यावरचं इंजेक्शन नाही म्हणून डीनना फोन लावलात, तर ‘तो विषय आमच्याकडे येत नाही’ एवढंच ऐकाल, तोवर पान छपाईला गेलेलं असेल.

प्रश्न : औषध कंपनीच्या पत्रकार परिषदेत सांगितलं, ‘धोका ५० टक्क्यांनी घटतो.’ तसंच छापायचं का? (प्रशिक्षणार्थी वार्ताहर, नाशिक)

कितीपैकी किती, ते आधी विचारा. शंभरात २० जणांना होणारा आजार १० जणांवर आला, तर घट ५० टक्के. हजारात दोघांऐवजी एकाला झाला, तरी घट ५० टक्केच! कंपनी खोटं बोलत नसते, सोयीचं तेवढं सांगते. मग पुढचे प्रश्न : प्रयोग माणसांवर की उंदरांवर, तुलना कशाशी, पैसा कुणाचा, निकाल कुठे प्रसिद्ध झाले? भारतात औषधांच्या चाचण्यांची नोंद ‘सीटीआरआय’ या सरकारी नोंदवहीत करावी लागते. २००९पासून ती सक्तीची आहे. नोंदणी क्रमांक मागून घ्या आणि चाचणीआधी काय मोजायचं ठरवलं होतं, ते साइटवर पाहा. आता भलतंच मोजून दाखवत असतील, तर खरी बातमी ती.

नामांकित नियतकालिकाचं नाव ऐकून हुरळून जाऊ नका. गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा संबंध स्वमग्नतेशी (ऑटिझम) जोडणारा ब्रिटिश डॉक्टर वेकफिल्ड यांचा निबंध १९९८मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच आला होता. त्यात मुलं होती फक्त १२, आणि हा आकडा पहिल्या दिवसापासून सगळ्यांसमोर होता. ब्रायन डीअर या पत्रकाराने २००४पासून ते प्रकरण उकरून काढलं. निबंध मागे घेतला गेला तो २०१०मध्ये. तोवर कितीतरी आईबापांनी लस टाळली.

त्याच ‘लॅन्सेट’मध्ये १९८९ साली डॉ. राणी बंग यांचा अभ्यास आला. गडचिरोलीतली दोन गावं, ६५० बायका. ९२ टक्के जणींना स्त्रीरोगाचा त्रास, आणि पूर्वी तपासणी झालेल्या १०० मागे जेमतेम आठ. अशी बातमी हॉटेलच्या हॉलमध्ये फोल्डरात घालून कुणी देत नाही.

प्रश्न : मी एमबीबीएस आहे. रेडिओवर, यूट्यूबवर बोलायचं आहे. नियमात बसतं का? (डॉक्टर, कोल्हापूर)

बसतं. वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमावलीनुसार सार्वजनिक आरोग्यावर स्वतःच्या नावाने लिहिता-बोलता येतं. पेशंट ओढण्यासाठी नाही. म्हणजे स्क्रीनवर दवाखान्याचा नंबर नको.

तुमची खरी अडचण भाषेची असेल. ‘रुग्णांनी आहारातील सोडियमचे सेवन मर्यादित ठेवावे’ हे कागदावर खपतं, माइकवर नाही. ‘बीपी असेल तर ताटात वरून मीठ घेऊ नका. पापड, लोणचं, फरसाण कमी करा. सगळ्या पदार्थांतलं मिळून दिवसाला एक छोटा चमचा मीठ, त्यापुढे नाही.’ हे भाकऱ्या थापतानाही कानावर पडतं. फोन-इनमध्ये कुणी ‘छातीत दुखतंय’ म्हणालं, तर निदान करत बसू नका. ‘फोन ठेवा, आत्ता १०८ लावा’ म्हणा.

प्रश्न : वॉर्डात फोटो काढताना कुणाची परवानगी घ्यायची? (छायाचित्रकार, सोलापूर)

रुग्णालयाची आणि रुग्णाचीही. मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याची माहिती वा फोटो त्याच्या संमतीविना माध्यमांत देता येत नाही. २०१७च्या कायद्यातच तसं आहे. एचआयव्हीबाधितांची ओळख जपणारा कायदाही त्याच वर्षीचा. चेहरा धूसर केला, पण गल्ली आणि दुकानाची पाटी दिसते आहे? मग गावाला कळलंच.

प्रश्न : पैसे मिळतात का? (बीएएमएस पदवीधर, परभणी)

सुरुवातीला बेताचेच. म्हणून बरेच जण हॉस्पिटलच्या पीआरमध्ये जातात, त्यात कमीपणा नाही. ‘शुगर कायमची घालवा’ छापाची जाहिरातीची कॉपी मात्र लिहू नका. मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींवर १९५४च्या कायद्याने बंदी आहे. फ्रीलान्स करताना सकाळी एखाद्या हॉस्पिटलचं ब्रोशर आणि संध्याकाळी त्याच्याच बिलांवरची बातमी, असं जमत नाही. आपण कुणाकुणाचं काम घेतो, हे संपादकाला आधीच लेखी कळवा, आणि त्यांच्या बातम्या दुसऱ्याकडे द्यायला सांगा.