मुंबईच्या दमट हवेत सोफ्याला कोणतं कापड लावावं?

रोज बसण्याचा सोफा असेल तर घट्ट विणीचं, पॉलिएस्टर मिसळलेलं कापड घ्या. दुकानात मार्टिनडेल आकडा जरूर विचारा. कापड किती घासणं सोसतं त्याचं ते माप. घरासाठी २०,००० च्या पुढचं बघा.

स्वस्तातलं रेक्झिन मात्र नको. आमच्या परळच्या घरी होतं. घाम आणि दमटपणाने वरचा पॉलियुरेथेनचा थर सुटतो. चौथ्या पावसाळ्यात आई सोफ्यावरून उठली की पदराला काळे पापुद्रे चिकटलेले असायचे. शेवटी सगळं उसवून नवं कापड लावलं.

शेनील, म्हणजे लवदार जाड धाग्याचं कापड, मऊ असतं, पण मांजर असेल तर धागे ओढले जातात. त्यापेक्षा मखमल बरी, तिच्यात नखं अडकायला फासे नसतात. लिनन सुंदर दिसतं, पण चुरगळतं आणि दमट हवेत ओल धरतं. ते पडद्यांना शोभतं. जकार्डची, म्हणजे विणीतच काढलेली, जड नक्षी मला उशांपुरतीच आवडते. रेशमी पडदे पश्चिमेच्या खिडकीला लावू नका, उन्हाने विरतात.

आणि हो, हातभर नमुना घरी आणून दुपारी आणि रात्री ट्यूबलाइटमध्येही बघा. दुकानातला राखाडी घरी हिरवट निघू शकतो.