जुनी टाटामोबाइल पुन्हा रस्त्यावर आणायची तर सुरुवात कुठून?

पंचविशीत घेतलेली टाटामोबाइल पिकअप दहा वर्षं गोठ्याशेजारी उभी आहे, आधी इंजिन करू की रंग, असं विचारलंत. दोन्ही नको, आधी चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, बघा.

1988 साली आलेल्या या पिकअपचा सगळा भार शिडीसारख्या चासीवर आहे. हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत, बद्द वाजलं की आतून गंज. हौद्याखालचे (मागे माल ठेवतात त्या भागाखालचे) आडवे चॅनल आणि पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, जिथे बसतात त्या जागा नीट तपासा. गाडी कोकणात राहिली असेल तर सरळ हौदा उतरवूनच बघा.

इंजिनला लगेच स्टार्टर मारू नका. जुनं डिझेल काढा, टाकी धुवा, फिल्टर आणि ऑइल बदला, मग क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) नटाला पाना लावून हाताने फिरवून बघा. फिरलं तरच बॅटरी जोडा. ब्रेकची रबरं सगळी नवी, तिथे कंजूषी नको.

रंग शेवटी. (मूळचाच द्या, असं माझं मत.)

आणि हो, व्हिंटेज नोंदणी 50 वर्षं उलटलेल्या खासगी गाड्यांनाच मिळते, तुमची त्यात बसत नाही. म्हणून खर्चाला हात घालण्याआधी आरटीओत जाऊन आरसी आणि फिटनेसचं काय ते विचारून या.