घर विकायच्या आधी एरियातलं मार्केट कसंय ते कसं ओळखायचं?

जाहिरातीतले भाव सोडा, गेल्या ६ महिन्यांत तुमच्यासारखी घरं प्रत्यक्षात कितीला विकली गेली ते बघा, कारण जाहिरातीत मालक मनाला येईल तो आकडा टाकतो. मग साधा हिशोब, विक्रीला असलेली घरं भागिले महिन्याला विकली जाणारी. ६० घरं आहेत आणि महिन्याला १० जातायत तर ६ महिन्यांचा साठा, म्हणजे आहेत ती घरं संपायला ६ महिने, हे साधारण समतोल मार्केट मानतात, त्याहून बराच कमी असेल तर भाव धरून ठेवा, जास्त असेल तर घासाघीस होणारच. एकच घर दोन-तीनदा किंमत उतरवून परत जाहिरातीत येतंय का तेही बघा, हे फार बोलकं असतं, त्या भावाला गिऱ्हाईक मिळत नाहीये. फक्त व्यवहार चार-पाचच झाले असतील तर यावर विसंबू नका, घाईतला एखादा सौदासुद्धा सरासरी बिघडवतो.