खासगी कंपनी निवृत्त फायटर विमानं उडवू शकते का? आणि कशाला?

हो, अमेरिकेत चालतं. शस्त्रं मात्र काढलेली हवीत. फ्लोरिडातल्या केनेडी स्पेस सेंटरमध्ये स्टारफायटर्स नावाची कंपनी लॉकहीडची जुनी एफ-१०४ विमानं बाळगून आहे. धावपट्टी स्पेस शटलसाठी बांधलेली, जवळपास साडेचार किलोमीटरची.

एवढं म्हातारं विमान कशाला, तर ते वर चढण्यात पटाईत आहे. पहिलं उड्डाण १९५४ चं, पण वेग आवाजाच्या दुप्पट. १९५९ मध्ये एकाने १,०३,३८९ फूट उंची गाठली होती. वेगात वर नेऊन कमानीसारखं सोडलं की आतलं सगळं काही वेळ वजनरहित होतं. उपकरणं तपासायला, अंतराळ प्रशिक्षणाला तेवढं पुरतं.

पंख मात्र अगदी आखूड, आणि कड इतकी धारदार की जमिनीवर तिला कव्हर घालतात, नाहीतर मेकॅनिकचा हात कापायचा! उडवायलाही अवघड: पश्चिम जर्मनीने नऊशेच्या वर घेतली, त्यातली तीनशेच्या आसपास गमावली. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत पाकिस्तानकडे हीच विमानं होती. इटलीने शेवटची २००४ मध्ये निवृत्त केली.