साठीत लिहायला बसणाऱ्या ताईंना

ताई, वयाची काळजी आधी सोडा. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आला, तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. मीसुद्धा पुस्तक-परिचय, बालकथा, हिंदीतून अनुवाद असं बरंच केलं. नाव झालं ते निवृत्तीनंतर, ललित लेखांमुळे. त्या सगळ्या लेखनाने हात तयार झाला होता.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- कादंबरीला लगेच हात घालू नका. सातशे-आठशे शब्दांत एखादं व्यक्तिचित्र जमवा.
- आपलं इंदूर लिहा. सराफ्यातली दागिन्यांची दुकानं बंद झाली की तिथेच भुट्ट्याचा कीस परतायला लागतात, ती वेळ तुम्ही लहानपणापासून पाहिली आहे. पात्रांच्या तोंडी आपली हिंदी मिसळलेली मराठीच राहू द्या. ती पुणेरी केलीत की माणसं खोटी वाटतात. नवखे इथेच हमखास चुकतात.
- दिवाळी अंकासाठी लेख पावसाळ्यातच पाठवा. एकच लेख एकाच वेळी दोन संपादकांना नको.

पदरचे पैसे घालून पुस्तक काढायची घाई तर अजिबात करू नका. मानधन, पुरस्कार हे नंतर बोलू. पहिला खर्डा झाला की मोठ्याने वाचा, अडखळाल तिथे दुरुस्त करा आणि मला पाठवा. मी नक्की वाचेन.