पंपाचे पैसे पॉलिसीतून काढावेत का?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत सीएनसी यंत्रांवर जॉबवर्क करणाऱ्या, सदतीस वर्षे वयाच्या एका वाचकांचे पत्र आले आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी दोन लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची एक वेगवान सेडान वापरलेली म्हणून १४ लाखांना घेतली. गेल्या पंधरवड्यात साताऱ्याहून परतताना गाडीने जोरात पळवताना झटके दिले आणि किणी टोलनाक्याच्या अलीकडे ती बंदच पडली. "क्रेन येईपर्यंत चार सिगारेटी संपल्या," असे ते लिहितात. अधिकृत वर्कशॉपने टाकीतला फ्युएल पंप, इंजिनावरचा हाय प्रेशर पंप आणि इंजेक्टरची सफाई मिळून १ लाख ३८ हजारांचे अंदाजपत्रक दिले आहे. उद्यमनगरातल्या मिस्त्रींच्या मते टाकीतली मोटर गेली आहे आणि ते काम ३४ हजारांत होईल. एका मित्राचा आग्रह असा की, एवीतेवी टाकी उघडतेच आहे तर जास्त प्रवाहाचा आफ्टरमार्केट (गाडीच्या कंपनीचा नसलेला) पंप बसवून इंजिन रिमॅप (ताकद वाढवण्यासाठी त्याच्या संगणकात बदल) करून घ्यावे. यांपैकी काय करावे, हा त्यांचा प्रश्न. पत्राच्या शेवटी त्यांनी जाता जाता लिहिले आहे : "पैशांची चिंता नाही. बँकेतले साहेब म्हणाले, जुनी पॉलिसी सरेंडर केली की दीड लाखाच्या वर येतात, त्यात पंप होतो. आणि नवी पॉलिसी घेतली की पाच वर्षांत पैसे दुप्पट."

आपला प्रश्न पंपाचा आहे, म्हणून तो आधी उरकतो. आपल्या गाडीसारख्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात दोन पंप असतात. टाकीतला विजेवर चालणारा पंप काही बार दाबाने पेट्रोल पुढे पाठवतो आणि इंजिनावरचा, कॅमशाफ्टवर चालणारा पंप तोच दाब शंभर-दीडशे बारच्या पुढे नेतो. पहिल्याने पुरेसे पेट्रोल पाठवले नाही तर दुसऱ्याचा दाबही पडतो आणि स्कॅनरवर दोष मात्र दुसऱ्याच्या नावावर उमटू शकतो. आपण पाठवलेल्या अंदाजपत्रकात दाबाचे एकही मोजमाप नाही. नुसती सुट्या भागांची यादी आणि खाली बेरीज आहे. तेव्हा फ्यूज, रिले, पंपापर्यंत पोहोचणारा व्होल्टेज आणि टाकीकडून येणारा प्रत्यक्ष दाब या गोष्टी मोजून त्यांचे आकडे लेखी मागावेत. या मोजणीला दोन-तीन हजार लागतील आणि त्यातून लाखभर रुपये वाचण्याची शक्यता आहे. टाकीतला पंपच गेल्याचे निघाले, तर मूळ बनावटीचा भाग, त्यासोबत फिल्टर, पक्के बिल आणि भागाची वॉरंटी घेऊन उद्यमनगरात काम करून घेण्यास माझी काहीही हरकत नाही. तो बदलून इंजिन चालू केल्यावरही वरचा दाब लागत नसेल, तरच दुसऱ्या पंपाचा विचार करावा.

मित्राचा सल्ला सोडून द्या. इंजिनाची ताकद वाढवायची नसेल तर जास्त प्रवाहाच्या पंपाचा उपयोग नाही, आणि वाढवायची असेल तर तो बदल विमा कंपनीला न कळवणे म्हणजे उद्याच्या अपघाताच्या दाव्यात स्वतःच खोट ठेवण्यासारखे आहे. वाहनविम्यातून पंपाचे पैसे मिळतील का, हेही आपण विचारले आहे. मिळणार नाहीत, यांत्रिक किंवा विद्युत बिघाड त्या विम्यातून वगळलेला असतो.

आता जे आपण विचारलेले नाही त्याकडे वळतो.

आपल्या जुन्या आयुर्विमा पॉलिसीचा वार्षिक हप्ता दीड लाख, हप्ते बारा वर्षे, मुदत वीस वर्षे आणि विमा रक्कम १५ लाख आहे. तीन हप्ते, म्हणजे साडेचार लाख रुपये, भरून झाले आहेत आणि चौथा पुढच्या महिन्यात आहे. आपली पॉलिसी ज्या नियमांखाली निघाली, त्यांनुसार तिसऱ्या वर्षी सरेंडर केल्यास, म्हणजे मुदतीआधी मोडल्यास, भरलेल्या हप्त्यांच्या ३५ टक्क्यांची हमी असते. ते होतात १ लाख ५७ हजार. बँकेतल्या साहेबांनी आपल्याला एवढाच आकडा सांगितला. उरलेले २ लाख ९३ हजार कुठे गेले, हे त्यांनी सांगितले नाही आणि आपणही विचारले नाही. ३४ हजारांच्या पंपासाठी तीन लाखांचा तोटा करून घेणारा कारखानदार मी अजून पाहिलेला नाही. शिरोलीत एखाद्या गिऱ्हाइकाने आपल्याला असा व्यवहार सुचवला असता, तर आपण त्याला चहा पाजून वाटेला लावले असते.

ही पॉलिसी चांगली आहे, असे मात्र मी म्हणत नाही. ती वाईटच आहे. शेवटपर्यंत चालवलीत तर १८ लाख भरून विसाव्या वर्षी, कंपनी दरवर्षी जमा करते त्या बोनसच्या सध्याच्या गतीने, साधारण २७ लाख हाती येतील. परतावा तीन टक्क्यांच्याही आत बसतो. पण वाईट पॉलिसीतून बाहेर पडण्याचे दोन दरवाजे असतात आणि आपल्याला फक्त विक्रेत्याच्या सोयीचा दरवाजा दाखवण्यात आला आहे. दुसरा दरवाजा पेड-अपचा. पुढचे हप्ते भरायचे नाहीत आणि पॉलिसी मोडायचीही नाही. बारापैकी तीन हप्ते भरले, म्हणून विमा रक्कम पंधरा लाखांच्या चतुर्थांशावर, पावणेचार लाखांवर येते. आपल्या विवरणपत्रात आतापर्यंतचा जमा बोनस १ लाख ८० हजार दिसतो, तो कायम राहतो. म्हणजे सतरा वर्षांनी साडेपाच लाख. आज दीड लाख घेऊन सतरा वर्षांत त्याचे साडेपाच लाख करायचे, तर दरसाल साडेसात टक्के करमुक्त मिळवावे लागतील. खिशात आलेले दीड लाख आपण सतरा वर्षे हात न लावता ठेवाल, असे मला वाटत नाही. त्यातले काही आधीच टाकीत जाऊन बसले आहेत.

सुटलेला दीड लाखाचा वार्षिक हप्ता हीच खरी रक्कम आहे. उरलेले नऊ हप्ते भरून पॉलिसी चालू ठेवली, तर पेड-अपच्या तुलनेत आपल्याला शेवटी साडेएकवीस लाख जास्त मिळतील. तेच नऊ हप्ते पीपीएफमध्ये सध्याच्या ७.१ टक्क्यांनी टाकून सतराव्या वर्षापर्यंत राहू दिले, तर ३३ लाखांच्या आसपास होतील. पीपीएफचा दर पुढे खाली आला तरी एवढे अंतर भरून निघणे कठीण आहे.

"पाच वर्षांत दुप्पट" याचाही हिशेब करून टाकू. एकरकमी पैसे पाच वर्षांत दुप्पट व्हायला दरसाल जवळपास पंधरा टक्के लागतात. पण नव्या पॉलिसीत आपल्याला दरवर्षी २ लाख ४० हजार भरायचे आहेत. पहिला हप्ता पाच वर्षे राहील, शेवटचा एकच वर्ष, म्हणजे सरासरी रुपया तीन वर्षे कामाला लागेल. अशा हप्त्यांनी भरलेले पैसे दुप्पट व्हायला दरसाल चोवीस टक्के लागतात. विमा कंपनीच्या अधिकृत लाभदर्शक तक्त्यात, ज्या लाभांची हमी नाही ते ४ आणि ८ टक्के गृहीत धरूनच दाखवावे लागतात. साहेबांनी चोवीस टक्के तोंडी सांगितले, तक्ता दिला नाही, यातच सगळे आले. नव्या पॉलिसीत पहिल्या वर्षाचे कमिशन मोठे असते; आपली जुनी पॉलिसी मोडण्याची घाई आपल्याला नसून दुसऱ्या कोणाला तरी आहे.

आपण जुन्या पॉलिसीच्या प्रस्तावपत्राचा मोबाईलवर काढलेला फोटो पाठवला, हे फार बरे झाले. तो मोठा करून पाहिला. सगळे रकाने निळ्या शाईत, एका सराईत हाताने भरलेले आहेत आणि खाली आपली सही काळ्या शाईत आहे. व्यवसायापुढे "नोकरी", वार्षिक उत्पन्नापुढे "१८ लाख" आणि तंबाखू सेवनाच्या चौकटीत "नाही" अशी नोंद आहे. आपला स्वतःचा कारखाना आहे, धंद्यातून महिन्याला १ लाख १० हजार हाती सुटतात असे आपणच लिहिता, आणि किणीच्या चार सिगारेटींचा उल्लेखही आपलाच आहे. कोऱ्या फॉर्मवर सही करून देण्याची सवय आपल्याकडे इतकी रुजली आहे की, असे फॉर्म पाहून मला आता आश्चर्य वाटत नाही, फक्त राग येतो. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर कंपनीला चुकीच्या माहितीच्या कारणाने तिच्यावर प्रश्न उपस्थित करता येत नाही. आपली तीन वर्षे पुढच्या महिन्यात भरतात. नवी पॉलिसी घेतलीत की हे घड्याळ पुन्हा शून्यापासून चालू होईल, आणि तोही फॉर्म त्याच हाताने भरलेला असेल. जुन्या पॉलिसीतल्या चुकीच्या नोंदी कंपनीला लेखी कळवून दुरुस्त करून घेणे हाच सरळ मार्ग आहे.

आणि आता सगळ्यात काळजीचे. आपल्या डोक्यावर यंत्रांचे कर्ज २२ लाख आणि गाडीचे ६ लाख आहे. धंदा एकट्याच्या मालकीचा असल्याने यंत्रांच्या कर्जाची जबाबदारी आपल्या वैयक्तिक मालमत्तेवरही येते. घरी पत्नी, सहा वर्षांची मुलगी आणि आई-वडील आहेत. या सगळ्यांसाठी आपला एकूण आयुर्विमा १५ लाखांचा आहे. त्यातून यंत्रांचे कर्जही फिटत नाही. आपल्याला दीड कोटींचा साधा मुदतविमा (टर्म इन्शुरन्स) हवा. त्यातून २८ लाखांची कर्जे गेली तर १ कोटी २२ लाख उरतात आणि सहा टक्क्यांनी वर्षाला सात लाखांच्या वर येतात. आपला घरखर्च सध्या वर्षाला सहा लाख आहे. सिगारेट खरी लिहिल्यावर हप्ता वाढेल, वर्षाला तीस ते चाळीस हजारांच्या घरात जाईल असे धरून चाला. तरीही सध्याच्या दीड लाखाच्या हप्त्यातून तो भागून लाखाच्या वर रक्कम पीपीएफसाठी उरते. ही पॉलिसी घेतानाच १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली, पत्नी आणि मुलीच्या लाभासाठी काढा. तसे केल्यास ती रक्कम धनकोंच्या हाती लागत नाही. कर्ज घेऊन धंदा करणाऱ्याने मुदतविमा याच पद्धतीने घ्यावा, असा माझा आग्रह असतो.

राहिले पंपाचे पैसे. पतसंस्थेतल्या तीन लाखांच्या ठेवीला हात लावायचा नाही, कारण मुदतीआधी मोडली तर एक टक्का व्याज कापतात, असे आपण लिहिले आहे. एक टक्का वाचवण्यासाठी साडेचार लाखांतले पासष्ट टक्के सोडायला आपण निघाला होता. ठेव मोडू नका. तिच्या तारणावर ५० हजार उचला. ठेवीपेक्षा दोन टक्के जास्त व्याज पडले आणि सहा महिन्यांत फेडले, तर खरा खर्च पाचशे रुपये. ठेवीची मुदत संपल्यावर मात्र ती रक्कम बँकेत हलवा. पाच लाखांपर्यंतच्या ठेवविम्याचे संरक्षण सहकारी बँकांसह बँकांनाच आहे, पतसंस्थांना ते लागू नाही.

गाडी विका, असे मी म्हणणार नाही. रविवारी पहाटे आंबा घाटापर्यंत जाऊन येणे एवढाच शौक आहे, असे आपण लिहिले आहे आणि माणसाला एक शौक असावा. पण २४ हजारांचा हप्ता, पेट्रोल आणि विमा मिळून ही गाडी महिन्याला चाळीस हजार खाते आणि त्यात दुरुस्ती धरलेली नाही. या वर्गातल्या जुन्या गाडीसाठी महिन्याला सहा-सात हजार वेगळ्या खात्यात टाकावेच लागतात. ते जमणार नसतील, तर पंप बसवून, गाडी चालती करून मग गिऱ्हाईक बघा. बंद गाडीचा भाव गिऱ्हाईकच ठरवते. दरवेळी हजाराचे पेट्रोल भरून काटा तळाशी ठेवण्याची सवयही सोडा, कारण टाकीतली मोटर पेट्रोलनेच थंड राहते.

क्रम महत्त्वाचा आहे. या आठवड्यात मुदतविम्याचा अर्ज स्वतःच्या हाताने भरा आणि वैद्यकीय तपासणी करून घ्या. ती पॉलिसी हाती पडेपर्यंत जुनीचे संरक्षण सोडू नका. चौथ्या हप्त्याला तारखेनंतर तीस दिवसांची सवलत असते, तेवढा अवधी पुरेसा व्हावा. नवी पॉलिसी हाती आली की चौथा हप्ता भरायचा नाही आणि जुनी पेड-अप झाल्याचे, बोनसच्या रकमेसह, कंपनीकडून लेखी घ्यायचे. बँकेतल्या साहेबांचा फोन आला तर चोवीस टक्क्यांचा लाभदर्शक तक्ता त्यांच्या सहीशिक्क्यासह मागा, आणि तो मिळालाच तर त्याचाही फोटो मला पाठवा.